मुंबई लोकलचे इंडिकेटर आणि पाट्या: दोन सेकंदांत काय कळतं, काय निसटतं

ब्रिजचा जिना उतरताना शेवटच्या चार पायऱ्यांवर मान वर होते आणि नजर इंडिकेटर शोधायला लागते. पाय मात्र थांबत नाहीत, कारण मागून लोंढा येत असतो. लोकलच्या इंडिकेटरला गिऱ्हाइकाकडून मिळणारा वेळ एवढाच, फार तर दोन सेकंद. त्यात माणसाला गाडी आपल्या कामाची आहे की नाही हे कळलं पाहिजे, आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे तेही.

रोज तीन हजारांवर फेऱ्या धावणाऱ्या या सेवेतल्या गाड्या, गर्दी, तिकीट यांवर भरपूर लिहिलं जातं. इथे फक्त दिशा दाखवणाऱ्या गोष्टींचं परीक्षण आहे: इंडिकेटर, स्टेशनच्या पाट्या, खांबांवरचे पट्टे, उद्घोषणा आणि धोक्याचे फलक. कसोटी एकच. जिथे निर्णय घ्यायचा त्याच जागी, चालत्या माणसाला, त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं का?

या पाट्यांची गिऱ्हाइकं दोन प्रकारची, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रोजचा प्रवासी पाटी वाचत नाही. त्याला जिना, स्टॉल, खांब, पंख्याची जागा पाठ असते. पाटीकडे तो खात्रीपुरता बघतो आणि काही बदललं असेल तरच दचकतो. नवखा माणूस मात्र पाटी अक्षरशः वाचतो, तीही ओळीने. एकाला ओळखीचा आकार हवा असतो, दुसऱ्याला पूर्ण माहिती. लोकलची व्यवस्था पहिल्यासाठी घडत गेली आहे, आणि तिचे बहुतेक दोष तिथूनच येतात.

इंडिकेटरपासून सुरुवात करू. त्यावर गाडी कुठे जाणार, फास्ट की स्लो, किती डबे, किती वाजता किंवा किती मिनिटांत, एवढं दिसतं. खाली सरकत्या ओळीत कुठे थांबणार नाही त्या स्टेशनांची नावं. माहितीत कमी काही नाही. अडचण आहे ती मांडणीत.

सगळ्यात मोठा घोळ एकाच अक्षराचा आहे. मध्य रेल्वेवर गाडीच्या कपाळावर आणि इंडिकेटरवर गंतव्यासाठी इंग्रजी आद्याक्षरं वापरतात. कल्याणला ‘के’, ठाण्याला ‘टी’, हे सरळ आहे. पण कर्जतच्या गाडीचं अक्षर ‘एस’ आणि कसाऱ्याच्या गाडीचं ‘एन’. यामागे जुना हिशोब आहे: कल्याणपुढे मार्ग फुटतो, ईशान्येला कसारा आणि आग्नेयेला कर्जत, रेल्वेच्या बोलीत नॉर्थ-ईस्ट आणि साउथ-ईस्ट. त्यातली पहिली अक्षरं राहिली. ज्याला हे माहीत नाही त्याच्या डोळ्यांसमोर मात्र ‘एस’ म्हणजे स्लो, कारण त्याच इंडिकेटरवर स्लोसाठीही ‘एस’च आहे. भांडुपला उतरायचं असलेला नवखा माणूस दादरला कर्जत फास्टच्या कपाळावरचा ‘एस’ बघतो, शेजारच्या ‘एफ’कडे त्याचं लक्ष जाईपर्यंत तो आत लोटला गेलेला असतो, आणि घाटकोपरनंतर गाडी थेट मुलुंड किंवा ठाण्याला थांबते. चूक त्याची नाही. माणूस आपल्याला हवं ते पहिलं चिन्ह दिसलं की शोध थांबवतो. सगळं वाचून मग ठरवणं गर्दीत कुणालाच परवडत नाही.

आणखी एक: मध्य रेल्वेवर ‘ए’ म्हणजे अंबरनाथ, पश्चिमेवर ‘ए’ म्हणजे अंधेरी. रोजच्यांना याचा काही त्रास नाही, कारण ते आपली लाइन सोडत नाहीत. मार्ग बदलणाऱ्याला आहे.

यावरचा उपाय मराठीतच तयार पडला आहे. उद्घोषणेत गाडी ‘जलद’ असते किंवा ‘धीमी’. हे दोन शब्द लिहून जरा लांबून, डोळे किलकिले करून बघा. ‘जलद’ सपाट दिसतो, शिरोरेषेच्या वर काहीच नाही. ‘धीमी’च्या वर दोन वेलांट्यांच्या कमानी उभ्या राहतात. अक्षरं धूसर झाली तरी बाह्यरेषेवरून फरक कळतो. एकट्या ‘एस’ आणि ‘एफ’ला ती सोय नाही, एलईडीचे चार ठिपके विझले की दोन्ही अक्षरं नुसती वेडीवाकडी रेघ होतात. पूर्ण शब्द लिहायला जागा लागते हे खरं, पण त्या जागी सध्या जे आहे ते त्याहून महत्त्वाचं क्वचितच असतं.

‘फास्ट’ हा शब्दही अर्धवटच माहिती देतो. फास्ट कुठून कुठपर्यंत? पश्चिमेवर चर्चगेटहून विरारला जाणाऱ्या अनेक फास्ट गाड्या बोरिवलीपर्यंत फास्ट आणि पुढे सगळीकडे थांबतात. मध्य रेल्वेवर ठाणे किंवा कल्याणनंतर तेच. हे सांगायचं काम खालच्या सरकत्या ओळीवर टाकलेलं आहे, आणि तिथे ‘थांबणार नाही’ची यादी असते. नकाराची यादी वाचणं डोक्याला जड जातं. थांब्यांची यादी असेल तर आपलं स्टेशन दिसलं की काम झालं, नजर काढून घेता येते. न थांबण्याच्या यादीत आपलं स्टेशन नसेल, म्हणजे गाडी थांबणार असेल, तर ती यादी शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खात्री होत नाही. तीही सरकती, म्हणजे वाचण्याचा वेग आपल्या हातात नाही. नवख्या माणसाने शेजारच्याला ‘ही डोंबिवलीला थांबते का?’ विचारण्याचं प्रमाण इतकं का, याचं उत्तर इथे आहे. मुंबईकर ते उत्तर आनंदाने देतात. म्हणून इंडिकेटरचा दोष झाकला जातो, जात मात्र नाही.

आता भाषा. इंडिकेटरवर मराठी, हिंदी, इंग्रजी आळीपाळीने येतात. समजा प्रत्येकी चार सेकंद धरले तर एक फेरा बारा सेकंदांचा होतो. आपल्याला वाचता येते ती लिपी नुकतीच गेली असेल तर ती परत येईपर्यंत जिन्याचं तोंड अडवून उभं राहायचं किंवा अंदाजाने चालायचं. यात गंमत अशी की कल्याण, दादर, विरार ही नावं मराठीत आणि हिंदीत अक्षर न् अक्षर सारखी आहेत. तिथे दोन वेगळ्या पाळ्या ठेवून वाचकाला काहीच जादा मिळत नाही. देवनागरी वर आणि रोमन खाली, दोन्ही एकाच वेळी कायम दिसत राहिल्या तर वाट बघण्याचा प्रश्नच मिटतो. जिथे नाव खरंच वेगळं आहे तिथे तेवढ्यापुरती तिसरी ओळ आणावी.

आणि एलईडीवरची देवनागरी. उभ्या सोळा ठिपक्यांचा फलक धरा. इंग्रजी मोठं अक्षर जवळजवळ सगळी उंची वापरतं. देवनागरीत वरच्या तीन-चार ओळी वेलांट्या आणि मात्रांना, एक शिरोरेषेला, खालच्या तीन उकारांना. अक्षराच्या मूळ अंगाला उरतात आठ-नऊ. त्या आठ-नऊ ठिपक्यांत ‘व’ आणि ‘ब’ यांच्यातला फरक म्हणजे पोटातली एक तिरकी रेघ, दोन किंवा तीन ठिपके. लांबून ती भरून जाते. म्हणून देवनागरीच्या ओळीला इंग्रजीएवढीच उंची देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. वाचनीयता सारखी हवी असेल तर देवनागरीला साधारण दीडपट उंची लागते. छापील पाटीचा ढोबळ हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा आहे: दर दहा मीटर अंतरामागे अक्षर किमान अडीच सेंटिमीटर उंच. पन्नास मीटरवरून वाचायचं तर साडेबारा सेंटिमीटर. देवनागरीत ही उंची मात्रा सोडून, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. मात्रांसकट मोजली की पाटी कागदावर नियमात बसते आणि फलाटावर वाचता येत नाही.

इंडिकेटरच्या शेजारी त्याच उंचीवर जाहिरातीचा झगझगीत स्क्रीन लावणं हा वेगळा दोष. डोळा हलत्या आणि उजळ गोष्टीकडे आधी जातो, त्यावर आपला ताबा नसतो. दोन सेकंदांतला अर्धा सेकंद तिथेच गेला. जाहिरात फलाटाच्या भिंतीवर हवी तेवढी मोठी लावा, पण इंडिकेटरच्या चौकटीपासून दूर.

इंडिकेटरला दहापैकी सहा. माहिती अचूक आणि पुरेशी, मांडणी जुनी.

पाटी बदलली की माणसं कशी वागतात याचा अलीकडचा सगळ्यात चांगला धडा दादरला मिळतो. तिथे मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट शेजारी-शेजारी, ब्रिज जोडलेले, आणि कित्येक वर्षं दोन्हीकडे १ पासून स्वतंत्र आकडे. ‘दादर, तीन नंबर’ म्हटलं की दोन वेगळे फलाट निघायचे. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना पुढचे आकडे मिळाले. पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले. मध्येचा जुना १ झाला ८. जुना २ आधीच १ च्या रुंदीकरणात गेला होता, त्यामुळे जुना ३ झाला ९, ४ झाला १०, ५ चा ११, ६ चा १२, ७ चा १३ आणि ८ चा १४.

निर्णय बरोबरच होता आणि खूप आधी व्हायला हवा होता. एका जागेला एकच नाव, ही खुणांची पहिली अट आहे. पण या बदलात एक अवघड जागा आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. जुना ८ हा १४ झाला आणि जुना १ हा ८ झाला. म्हणजे ‘आठ’ हा आकडा गेला नाही, तो एका फलाटावरून उठून दुसऱ्यावर बसला. माणसाला नवीन आकडा शिकणं सोपं जातं; जुन्या आकड्याचा नवा अर्थ शिकणं कठीण. ‘फलाट क्रमांक बारा’ ऐकल्यावर जुना प्रवासी थांबून विचार करतो, कारण बारा त्याच्या डोक्यात नव्हताच. ‘फलाट क्रमांक आठ’ ऐकल्यावर तो विचार न करता जुन्या आठकडे चालू लागतो. अशा बदलात नव्या आकड्याखाली काही महिने ‘जुना १’ असं लहान अक्षरात लिहून ठेवणं उपयोगी पडतं, आणि ते सगळ्यात आधी ८ वर हवं.

दुसरी गोष्ट जागेची. फलाटाचा आकडा फलाटावर लिहून फारसा फायदा नाही; तिथे पोचल्यावर निर्णय झालेला असतो. तो हवा ब्रिजवर, जिन्याच्या तोंडाशी, आणि चालणाऱ्याच्या तोंडासमोर आडवा. चालण्याच्या दिशेला समांतर लावलेली पाटी मान वळवल्याशिवाय दिसत नाही आणि लोंढ्यात मान वळवली की खांद्याला खांदा लागतो. बाणाचंही असंच आहे. वर जाणारा बाण ‘सरळ जा’ म्हणतो की ‘जिना चढा’ म्हणतो, हे ब्रिजवर स्पष्ट होत नाही. तिथे बाणाशेजारी जिन्याचं छोटं चित्र असेल तर शंका राहत नाही.

आकड्यांच्या लिपीचा मुद्दाही इथलाच. मराठी १ हा परप्रांतीय किंवा परदेशी माणसाला इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी ४ इंग्रजी आठसारखा. चौदा फलाटांच्या स्टेशनात ही अदलाबदल थेट चुकीच्या गाडीत बसवते. उपाय सोपा आहे: दोन्ही लिपींतले आकडे लावायचे तर नेहमी जोडीने आणि ठरलेल्या क्रमाने, एकटा कधीच नाही. बेस्टच्या जुन्या बसला पुढे मराठी आकडा आणि बाजूला इंग्रजी असायचा. समोरून येणारी बस ओळखायची असते तेव्हा नेमका मराठी न वाचणाऱ्याला आकडा कळत नसे, आणि बाजूचा दिसेपर्यंत बस थांब्यापुढे गेलेली असे.

आता डब्यांकडे. लोकलच्या खुणांमधला हा सर्वांत चांगला भाग आहे आणि एका ठिकाणी सर्वांत महागडाही.

चांगला का, तर फर्स्ट क्लासचे लाल-पिवळे तिरके पट्टे आणि लेडीज डब्याचे हिरवे पट्टे डब्यावरही असतात आणि फलाटावर, खांबांवरही. गाडी यायच्या आधीच माणूस बरोबर जागी उभा राहतो. वाचायचं काहीच नाही, रंग आणि तिरकी रेघ पुरते. इथे निर्णयाची जागा आणि खुणेची जागा एकच आहे. लेडीज डब्यावर बाईच्या चेहऱ्याचं चित्रही असतं, आणि ते केवळ शोभेचं नाही. काही पुरुषांना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मतःच कळत नाही, त्यांच्यासाठी दोन्ही पट्टे सारखेच मळकट. आकार, रेघ आणि चित्र यांची जोड असल्यामुळेच ही खूण सगळ्यांना चालते. फक्त ठरावीक वेळेपुरत्या राखीव असलेल्या डब्यांचं वेळापत्रक मात्र बारीक अक्षरांत दाराशेजारी असतं आणि चालत्या गाडीवर ते कुणीही वाचू शकत नाही. चोवीस तासांच्या लेडीज डब्याला आणि ठरावीक तासांच्या डब्याला पट्ट्याचा आकारच वेगळा हवा.

दिव्यांगांच्या डब्याजवळ फलाटावर वाजणारी बीप हा या सगळ्यातला सर्वांत नेमका तुकडा आहे. न दिसणाऱ्याला जागा सांगते, दिसणाऱ्यालाही सांगते, आणि भाषा लागत नाही. जिथे ती चालू असते तिथे उत्तम काम करते. बंद पडली तर मात्र तक्रार लगेच नोंदवायला हवी, कारण ज्याला तिची गरज आहे त्याच्याकडे दुसरी खूण नसते. पायाखालच्या खडबडीत लाद्यांबद्दलही एवढंच: लांबट उभ्या पट्ट्यांची लादी म्हणजे चालत राहा, गोल टेंगळांची म्हणजे थांब, पुढे कडा किंवा वळण आहे. त्यांवर स्टॉलचा माल किंवा बाकडं ठेवलं की ती पाटी पुसल्यासारखंच होतं.

महागडा भाग बारा आणि पंधरा डब्यांचा. एक डबा साधारण वीस मीटरचा. तीन डब्यांचा फरक म्हणजे साठ मीटर. मोकळ्या फलाटावर भराभर चाललं तरी साठ मीटरला पाऊण मिनिट लागतं, गर्दीत मिनिटाहून जास्त. गाडी थांबते वीस ते तीस सेकंद. म्हणजे पंधरा डब्यांची समजून टोकाला उभ्या राहिलेल्या माणसाला, बारा डब्यांची आल्यावर, ती गाडी मिळणं हिशोबातच बसत नाही. तो धावतो, आणि फलाटावर धावण्यातून घसरण्याचे, चालत्या गाडीला लटकण्याचे प्रकार होतात. हे टाळायला डब्यांचा आकडा इंडिकेटरवर सगळ्यात ठळक हवा, निदान गाडी यायच्या तीन-चार मिनिटं आधी. प्रत्यक्षात तो कोपऱ्यात असतो आणि मिनिटांच्या आकड्याशेजारी असतो. ‘१२’ म्हणजे डबे की मिनिटं, असा प्रश्न नवख्याला पडणं अगदी साहजिक आहे. आकड्यामागे ‘डबे’ हा दोन अक्षरी शब्द लावला की झालं.

यावर फलाटातच एक चोख उत्तर आहे, पण ते प्रवाशांसाठी लावलेलं नाही. मोटरमनसाठी फलाटाच्या टोकांकडे १२ आणि १५ अशा थांबण्याच्या पाट्या असतात. गाडीचं तोंड त्या आकड्यापाशी थांबतं. गाडी कुठून येणार ते माहीत असेल तर इंडिकेटरवरचे डबे बघायचे, त्या आकड्याची पाटी शोधायची आणि तिथून मागे डबे मोजत यायचं. जाणकार प्रवासी हेच करतात. फलाटाच्या लादीवर ‘इथपर्यंत १२ डबे’ अशी ठळक रेघ सगळीकडे आखली तर ही विद्या सगळ्यांना फुकट मिळेल.

स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी आणि काळी अक्षरं यांत बदल करू नये. पिवळ्यावर काळं हे लांबून, पावसात, संध्याकाळच्या उजेडातही उठून दिसतं. अडचण डब्याच्या आतून आहे. मधे उभ्या असलेल्या माणसाला दारातून किंवा खिडकीतून फलाटाचा एक चिंचोळा पट्टाच दिसतो, बाकी डोकी. टोकाची भव्य पाटी त्याच्या कामाची नाही. त्याच्या कामाच्या आहेत खांबाखांबावरच्या लहान पाट्या, त्याही डोक्यांच्या वर पण खिडकीच्या वरच्या कडेच्या खाली. ही पट्टी फार अरुंद आहे. जिथे ती साधली आहे तिथे आतून स्टेशन कळतं, जिथे पाटी छताला भिडवली आहे तिथे कळत नाही.

नावांचं एक उदाहरण द्यायलाच हवं. मध्य रेल्वेवर मराठीत ‘शीव’, हिंदीत ‘सायन’, इंग्रजीत तेच सायन. आपलं नाव शीवच आहे आणि पाटीवर ते पहिलं असणं योग्यच. पण सायनला उतरायचं म्हणून आलेला माणूस ‘स’ शोधत असतो, डोळ्यांसमोर ‘श’ आला की तो पुढे बघतो. वांद्रे आणि बांद्रा यांतही पहिलं अक्षर बदलतं. अशा मोजक्या स्टेशनांवर तिन्ही रूपं एकाच पाटीवर एकदम दिसली पाहिजेत, आळीपाळी नको. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, व्हीटीचं नाव दोनदा बदललं, तरी लोकांच्या तोंडी व्हीटी आहेच. पाटी बदलायला एक रात्र पुरते, कानाला आणि जिभेला एक पिढी लागते. मधल्या काळात विचारणाऱ्याला जुन्या नावानेही उत्तर मिळेल अशी सोय उद्घोषणेत ठेवावी.

उद्घोषणांबद्दल थोडक्यात. आवाज स्पष्ट, मराठी नीट. क्रम उलटा आहे. आधी फलाट, मग गाडीची ओळख, मग डबे, अशा लांब वाक्यात ज्याला जे हवं ते शेवटी येतं आणि तोवर शेजारच्या फलाटावरची गाडी हॉर्न देते. पहिला शब्द गावाचा, दुसरा जलद की धीमी, तिसरा फलाट. बाकी सगळं नंतर. फलाट बदलल्याची घोषणा तर गाडी दिसायच्या आधी पूर्ण दोनदा झालीच पाहिजे. ती उशिरा झाली की जिन्यावर दोन्ही दिशांचे लोंढे एकमेकांवर येतात. साध्या लोकलमध्ये पुढचं स्टेशन सांगतात पण फलाट कोणत्या बाजूला येणार ते सांगत नाहीत. मेट्रोत दरवाजे कुठल्या बाजूला उघडणार ते सांगतात आणि त्या एका वाक्याने आतली ढकलाढकली किती कमी होते हे घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडणाऱ्याला लगेच जाणवतं.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर भाग म्हणजे धोक्याच्या पाट्या. रूळ ओलांडणं गुन्हा आहे, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असे फलक जवळजवळ प्रत्येक स्टेशनवर आहेत. ते वाचून रूळ न ओलांडणारे फार थोडे. कारण फलकाच्या रंगात किंवा आकारात नाही. ओलांडणारा माणूस धोका माहीत नसल्याने ओलांडत नाही. गाडी अजून लांब आहे असं त्याला मनापासून वाटतं म्हणून ओलांडतो.

हे वाटणं चुकीचं का असतं, याचं कारण डोळ्यांत आहे. मोठी वस्तू लहान वस्तूइतक्याच वेगाने येत असली तरी हळू येतेय असं दिसतं. हर्शल लिबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात हे मांडलं. समोरून सरळ आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा वेग कळायला आजूबाजूला संदर्भ लागतो, आणि रुळांखालचे एकसारखे स्लीपर, म्हणजे आडवे ठोकळे, सोडले तर संदर्भ नसतो.

हार्बरच्या वडाळा स्टेशनावर २००९-१० च्या सुमारास मध्य रेल्वेच्या हद्दीत फायनलमाइल या मुंबईच्या संस्थेने याच ज्ञानावर तीन साध्या गोष्टी केल्या. रुळांमधल्या काही स्लीपरांचे गट ठरावीक अंतराने पिवळे रंगवले, म्हणजे गाडी किती पट्टे किती भराभर गिळतेय ते दिसावं आणि वेग डोळ्यांना कळावा. मोटरमनने एक लांब शिटी देण्याऐवजी दोन तुटक शिट्या द्याव्यात असं ठरवलं, कारण सलग आवाज गोंगाटात विरून जातो, तर मधली शांतता कान टवकारायला लावते. त्यासाठी शिटी कुठे द्यायची त्याच्या पाट्याही ओलांडण्याच्या जागेजवळ आणल्या. आणि तिसरं, कवटीचं चित्र किंवा कलमाचा आकडा न लावता, गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे टप्प्याटप्प्याने मोठे होणारे फोटो लावले. चेहऱ्यावरची भीती माणूस वाचत नाही, ती त्याला लागते. तिथले मृत्यू बरेच घटल्याचं तेव्हा सांगण्यात आलं.

या प्रयोगाची खरी किंमत जागेच्या निवडीत आहे. फोटो तिकीट खिडकीजवळ किंवा ब्रिजवर लावले नाहीत. जिथे माणूस फलाटावरून रुळांत पाय टाकतो त्या ठिकाणी, पाय टाकण्याच्या क्षणी समोर येतील असे लावले. रंगाचे काही डबे आणि काही फलक एवढा त्याचा खर्च. एक सावधगिरी मात्र हवी: असा फोटो रोज बघून त्याचीही सवय होते आणि पिवळा रंग धुळीने करडा पडतो. दर पावसाळ्यानंतर स्लीपर पुन्हा रंगवणं आणि वर्षातून एकदा तरी फोटो बदलणं हा खर्च पहिल्या दिवसापासून धरायला हवा. नाहीतर वर्षभरात तोही कायद्याच्या फलकासारखा भिंतीचा भाग होतो.

मेट्रोशी तुलना थोडी अन्यायाची आहे. तिथे काही मार्गांवर फलाटाच्या कडेला दरवाजे आहेत, मेट्रो ३ वर तर पूर्ण उंचीचे. गाडी ठरल्या जागीच थांबते. प्रत्येक मार्गावरची प्रत्येक गाडी सगळीकडे थांबते. फास्ट-स्लो, बारा-पंधरा हे प्रश्नच नाहीत, म्हणून पाट्यांना काम कमी. लोकलच्या पाट्यांना त्याच्या चौपट काम आहे आणि त्या मानाने त्या पुष्कळ निभावतात.

लोकलने पहिल्यांदा जाणाऱ्याने इंडिकेटर या क्रमाने वाचावा. आधी लाइन: मध्य, पश्चिम की हार्बर, हे ब्रिजवर चढायच्या आधीच ठरवा, कारण नंतर उतरून परत यावं लागतं. मग गंतव्य आपल्या स्टेशनाच्या पुढचं आहे का. मग जलद की धीमी. मध्य रेल्वेवर ‘एस’ दिसला तर तो स्लोचा की कर्जतचा हे शेजारचं अक्षर बघून ठरवा. शंका असली तर धीमी पकडा, ती आपल्या स्टेशनावर थांबणारच. मग डबे, आणि आकडा बारा असेल तर फलाटाच्या अगदी टोकाला जाऊ नका. उतरायचं स्टेशन कोणत्या बाजूला येतं ते दाराशी उभ्या असलेल्याला एक स्टेशन आधी विचारा. दादरला मध्येची गाडी पकडायची असेल आणि कुणी जुन्या सवयीने ‘चार नंबर’ म्हणालं, तर ‘नवा की जुना?’ एवढं विचारा. मध्येचा जुना चार आता १० आहे, आणि ४ लिहिलेल्या फलाटावर पश्चिमेची गाडी येते.